एकतीस नंबर गप्प का आहे

तुमचं पत्र मिळालं. अकरा दिवसांनी,
वेसोहून मिठाची पोती आणणाऱ्या होडीतून.
विचारलंत: एकतीस नंबर गप्प का आहे?

गप्प नाही तो.
मोआबीच्या खोडावर, सोंड पुरणार नाही इतक्या उंच
बांधलाय, आणि ऐकतोच आहे.
उपग्रहापर्यंत त्याचं जायचं ते पानांच्या फटीतून,
पहाटे एकदा, जेमतेम एक ओळ:
बॅटरी तीन पूर्णांक सात, तापमान चोवीस, मी आहे.
(‘मी आहे’ माझं. बाकीचं त्याचं.)
एकोणीस फेब्रुवारीनंतर तेवढंही नाही.

पाणी ओसरल्यावर निघालो, जूनमध्ये. लिकानो पुढं, मी मागं.
चार दिवस. दलदल कमरेपर्यंत.
कोरी कार्डं तंबाखूच्या डबीत,
डबी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या निरोधात.
हसू नका, तुम्ही पाठवलेल्या पिशव्या गळतात.

वर चढून पाहिलं तर अँटेनात
मुंग्यांनी संसार थाटलेला, राणीसकट.
कार्ड मात्र कोरडं. चार महिने भरलेले.

हत्तींचं बोलणं आपल्या कानाखालून जातं,
हे तुम्हीच शिकवलंत मला.
पडद्यावर दिसते ती फक्त राखाडी रेघ,
ओल्या बोटानं भिंतीवर ओढावी तशी.
लिकानो बघत राहिला. म्हणाला,
एवढं बोलली ती, आणि तू रेघ काढलीस?

सहा मार्च, रात्री दोन चाळीस.
गोळी. मग दुसरी.
मग अकरा मिनिटं बेडूकसुद्धा नाही.
त्या रात्री मी मेव्हणीच्या लग्नात नाचत होतो,
नवे बूट चावत होते, एवढं पक्कं आठवतं.
लिकानोनं विचारलं,
आता पळत जाऊ या का?
तो हसत नव्हता.

गावामागं एक वारूळ आहे.
त्यावर चढून हात उंच धरला
की नेटवर्कची एक काडी येते, वारा असेल तर दीड.
अख्खं कार्ड पाठवायला
माझ्या हिशोबानं पुढचा पावसाळा उजाडेल.
म्हणून अकराच सेकंद कापून घेतले.
दोन गोळ्या, आणि त्यांच्या आधीची ती रेघ.

चौसष्ट टक्क्यांवर काडी गेली.
परत आली. एकाहत्तर. गेली.
खाली रांग वाढत चालली होती.
मादाम एयेंगाचा मुलगा ब्राझाव्हिलला, तापात.
तिला एकच ओळ पाठवायची होती:
आहेस ना?
तिची ओळ लहान.
मी उतरलो, तिला हात दिला,
ती चढली, पदराला वारुळाची माती.

तिचं गेलं. उत्तर अजून नाही.
माझं एकाहत्तरवर थांबलंय.

एकतीस नंबर आता नीट आहे.
मुंग्या बहुतेक तेवीसकडे गेल्यात,
त्याचं पत्र पाठवू नका, मी जातोच आहे.
बुटांचे पैसे मागच्या वर्षापासून बाकी आहेत.

कळावे.
कळेल तेव्हा.