जिमखाना खाते, पान सत्तेचाळीस

परिपत्रक आलं तेव्हा मी फक्कीची पोती मोजत होतो.
विभागात आता सहा नाहीत, अकरा कॉलेजं.
नव्या पाचांत एक ते, आडगावच्या पुढचं, हायवेला लागून,
ज्याच्या मैदानावर रात्री अकरालाही सावली पडते
आणि ज्याची बस आमच्या स्टाफरूमपेक्षा मोठी आहे.

प्राचार्य म्हणाले, चांगलंच झालं, दर्जा वाढेल.
मी म्हणालो, हो साहेब.
मग टेबलाशी येऊन मांडून पाहिलं:
नोंदणी फी दुप्पट. एक सामना नगरला, एक थेट नंदुरबारला.
बारा मुली, कापडणीस सर, सोबत एक मॅडम,
एसटीचं भाडं, मुक्काम, केळी.
समोर जमेला विद्यार्थ्यामागे चाळीस रुपये,
त्यातलेही अर्धे स्नेहसंमेलनाचा मांडव खातो.

आणि माघातला शनिवार कुठल्याच रकान्यात बसेना.
एकतीस वर्षं तो सामना: देवळालीगावचं कॉलेज आणि आम्ही,
मुलींचा खो-खो.
खेळायचो त्यांच्याविरुद्ध,
पण वर्ष निघायचं त्यांच्याच जिवावर.
चिवडेवाल्याची जाहिरात, सायकलवाल्याचा बॅनर,
लग्न होऊन सटाण्याला, ओझरला गेलेल्या जुन्या खेळाडूंची पाकिटं.
हरलो की पाकिटं जास्त यायची.
सागाचे खांब आम्ही हरलेल्या वर्षी घेतले.

आता ते ‘ब’ गटात, आम्ही ‘अ’.
चिवडेवाला म्हणाला, भाऊसाहेब,
नंदुरबारला माझा बोर्ड वाचणार कोण?

तुळसा भोये. हरसूलच्या पलीकडची.
तिला बघायला कापडणीस सर मोटारसायकलवर गेले होते,
नागलीची भाकरी खाऊन आले,
तिच्या बापाला शब्द देऊन: पोरगी दर शनिवारी घरी.
जूनमध्ये त्याच वाटेनं पांढरी जीप गेली.
होस्टेल, मेस, बुटांचे दोन जोड, महिन्याला तीन हजार.
बाप मुद्दाम नाशिकला आला, दारातच उभा राहिला,
सर, तुम्ही काय म्हणता?
सर म्हणाले, जाऊ द्या तिला. बूट चांगले असतात त्यांचे.
मग दोन दिवस मैदानाकडे फिरकले नाहीत.

जीपचा राग धरून काय करू.
तीन हजार खरे होते.
आमच्याकडे द्यायला शब्द होता, आणि तो फुकटचा.

श्रावणात बोरस्ते मॅडमचा फोन आला,
देवळालीगावहून, एकतीस वर्षांत पहिला.
तुमच्या किती गेल्या?
एकच. पण ती.
आमच्या चार, म्हणाल्या,
आणि नंतर बराच वेळ फक्त त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत राहिला.

मी कधी खेळलो नाही, दम्यामुळे.
पण बावीस वर्षं चौकोन आखलेत.
आठजणी एका ओळीत बसतात,
एकीचं तोंड रामकुंडाकडे, शेजारणीचं पेठ रोडकडे,
नवख्याला वाटावं, भांडण झालंय.

दिवाळीनंतर तुळसा बोलली.
जेवण चांगलं आहे. वजन वाढलं.
सोळाजणी आहोत, माझा नंबर अकरावा, बसूनच असते.
जरा थांबून: इथे खो देताना
पाठीवर जोरात हात मारत नाहीत, भाऊसाहेब,
कळतच नाही कधी कधी.
मग, माघातला शनिवार कोणत्या तारखेला?

या वर्षी नाही गं, म्हणालो.

संध्याकाळी फक्कीचं एक पोतं
कपाटामागे सरकवलं. वहीत लिहिलं:
नग एक, ओल लागून खराब.
सही केली. कापडणीस सरांनीही केली, न वाचता,
किंवा वाचून.
बोरस्ते मॅडमना निरोप धाडला,
तुमच्याकडे अर्धं पोतं
खराब होण्यासारखं आहे का.