भांड्याच्या बुडाशी

लिहायचं एक आणि म्हणायचं कीथली,
अशा या गावातल्या शाळेत, पाचवीच्या वर्गात,
मंगळवारी दुपारी मला अर्धा तास दिलाय.
विषय फळ्यावर आधीच कुणी लिहून ठेवलेला:
'आपल्या चालीरीती आणि सगळ्यांचं आरोग्य.'
खडू नाही. निळं पेन, त्याला स्पिरिटचा वास.
मिरजेच्या वॉर्डात हाच वास होता,
म्हणून माझा हात थरथरत नाही.

विचारलं, तुमच्या घरात असा कुठला नियम आहे
ज्याचं कारण कुणी सांगत नाही?

हुमैरा म्हणाली, बूट दाराबाहेर.
मी काही बोलले नाही, तिचा बूट फक्त उलटा केला:
गवत, च्युइंगम, कुत्र्याची कृपा.
वर्ग किंचाळला. तो धडा तिथेच संपला.

कासिया म्हणाली, खोकला आला की आजी
बरणीत कांदा आणि साखर मुरत ठेवते,
रस पाजते, आणि झोप लागेपर्यंत उशाशी बसते.
बरं कशानं वाटतं, कांद्यानं की आजीनं?
ती विचारात पडली.
मीही. माझ्या तक्त्यात आजीचा रकाना नाही.

मग हुमैरा पुन्हा: बाळाच्या डोळ्यांत सुरमा.

इथे मी पेनाला टोपण लावलं.
माझी लेक सात महिन्यांची होती.
आईनं कापडात गुंडाळून काजळाची डबी पाठवली होती,
दृष्ट लागू नये म्हणून.
रक्तात शिसं निघालं.
हेल्थ व्हिजिटर बाई आवाज न चढवता म्हणाल्या,
डबी मला द्याल का?
नर्स मी, आणि डबी मी दिली.
आईला फोनवर सांगायला तीन रविवार गेले.
आता ती मीठमोहऱ्या ओवाळते,
तिकडे मूठ फिरते, इकडे पडद्यावर लेक हसते.
त्यानं कुणाचं रक्त बिघडत नाही.

मुलांना एवढंच सांगितलं:
आजीला काही बोलायचं नाही. डबी तेवढी तपासून आणायची.
हुमैरानं वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली.

मागच्या बाकावरून रीस म्हणाला,
"आमच्यात चालीरीती नसतात, मिस."
आमच्यात कुत्रा नाही, असं म्हणावं तसं.
बरं, म्हटलं. मग तो स्वतःच म्हणाला,
फेब्रुवारीत आजोबा गेले, तेव्हा अख्ख्या ओळीनं जेवण आणलं,
काचेची भांडी, बुडाशी पट्टी, पट्टीवर नाव.
आजी डॉक्टरांना दार उघडेना.
पण भांडी धुतली तिनं, आणि एकेक परत करायला निघाली,
प्रत्येकात काहीतरी घालून.
"रिकामं भांडं परत करत नाहीत ना, मिस."

हे वाक्य मी मराठीतच ऐकलं.
आमच्या गल्लीत, माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नसे,
कुंपणावरून पिठलं-भात यायचा, कडू घास म्हणून.
तेव्हा आरोग्य हा शब्द कुणी उच्चारला नाही.
आणि इथे एक म्हातारी
सतरा भांडी घेऊन सतरा दारांत उभी राहिली,
सतरा वेळा कुणीतरी म्हणालं, आत ये, चहा टाकते.

फळ्यावर हे कुठल्या मथळ्याखाली लिहू?
तोवर घंटा झाली.
कोटाची बाही शोधत रीस म्हणाला,
"एक राहिलंय अजून. नाव पुसलंय त्याचं.
रोज घेऊन निघते ती, एकेक दार विचारत."

घरी आले तर ओट्याच्या कोपऱ्यात
शेजारच्या मॉरीनचा डबा, इस्टरपासून पडलेला.
रुबार्बचं काहीतरी आलं होतं त्यातून.
तिला साखरेचा त्रास आहे, मला ठाऊक आहे.
बेसनाचे दोन लाडू ठेवले, लहान.
झाकण लावलं.
मग उघडून तिसरा ठेवला,
माझा, तिच्या ओट्याशी उभं राहून खायला.