रविवारचा नेम

वरणगावच्या फॅक्टरीत अठ्ठावीस वर्षं
मी काडतुसं पाहिली. नुसती पाहिली.
पितळेवर ओरखडा, कडेला बारीक चीर,
टोपी केसभर वाकडी:
की डाव्या हाताने खोक्यात, खोटी म्हणून.
किती लाख गेली डोळ्यांखालून, हिशेब सरकारकडे.
एकही उडवली नाही.

निवृत्त झाले त्या उन्हाळ्यात
बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये
रेहाना तडवीने आम्हा पाचजणींना बोलावलं.
यावलकडची पोर, माझ्या सुनेहून लहान.
भिंतींत सरकीचा वास अजून होता,
डोक्यावर पत्रा तापून टकटक वाजत होता,
दहा मीटरवर तळहाताएवढे कागद,
त्यात काळा गोल, गोलात ठिपका,
खसखशीचा दाणा जेमतेम मावेल एवढा.

"आधी कोणी हात लावू नका.
रिकामी असली तरी भरलेलीच समजायची.
तोंड कायम कागदाकडे.
बोट चापाच्या बाहेर, मी सांगेपर्यंत."
"हे तर सासरचे नियम," बँकेतली वसुधा बोरोले म्हणाली,
आणि शेडमधलं एक कबूतर उडालं, एवढ्या आम्ही हसलो.

मग दोन्ही तळहात पुढे धरून
बोटांची खिडकी करायला लावली.
"खिडकीतून कागद पाहा. एक डोळा मिटा. आता दुसरा."
उजव्याने पाहिलं तर कागद गेला.
डाव्याने पाहिलं, जागच्या जागी.
"मावशी, तुमचा डावा डोळा मालक आहे."

मालक.
हा शब्द मी आजवर घरातल्या एकाच माणसासाठी वापरला.
दुसरीत डाव्या हाताने पाटीवर लिहिलं
तेव्हा मास्तरांनी रूळ मारला होता,
आईने हात फडक्याने बांधून जेवायला बसवलं होतं.
तेव्हापासून घास उजवा, कुंकू उजवं, सही उजवी.
आणि हा आत बसून होता, चकार शब्द न काढता,
खोटी काडतुसं निवडत.

रायफल डाव्या खांद्याला आली.
"श्वास घ्या. अर्धा सोडा. उरलेला तिथेच राहू द्या.
चाप ओढायचा नाही, दाबायचा.
पापडाची लाटी दाबता तसा."
पहिला छर्रा मागच्या फळीत.
दुसरा शेजारच्या दीपमाला सपकाळेच्या कागदावर;
माझे सात गुण तिला मिळाले, तिने परत केले नाहीत.
सहाव्याला मात्र
खाचेत माशी, माशीवर काळा गोल,
आणि मध्ये कोणीच नाही.
दूधवाला नाही, गुडघा नाही,
नातवाचा डबा नाही.
फट्.
"नऊ," रेहाना म्हणाली,
कापसाचा भाव सांगावा तशी.

गल्लीत तोंडाला पदर लावून विचारणं झालं:
"काय वं माय, कोनाले मारनं हाये?"
लेक फोनवर म्हणाला, बरं आहे, स्वसंरक्षण.
कोणालाच नाही रे. कागद आहे तो.
आवडलं मला, एवढंच.
पण आवडलं हे कारण म्हणून
आमच्याकडे कोणी धरत नाही.
आईचे नेम होते: सोमवारचा, चतुर्थीचा,
चातुर्मासात वांगं वर्ज्य. त्यांना कोणी
का म्हणून विचारलं नाही. मग हाही तसाच धरा.
रविवारचा. दहा ते बारा.

रात्री ह्यांनी माझा कागद ट्यूबलाइटपुढे धरला,
भोकं मोजली, दोनदा.
मग अंगणात जाऊन, कोणी बघत नाही असं पाहून,
बोटांची खिडकी केली.
खिडकीत मी होते, उंबऱ्यावर, हातात कळण्याची भाकरी.
एक डोळा मिटला. दुसरा मिटला.
"एकदा तू नाहीशीच झालीस," म्हणाले.

डोळा बदला, मी म्हटलं.