नसलेल्या हाताची नस

ग्लेस बेच्या धक्क्यावर लॉबस्टरचे पिंजरे रचून ठेवलेत.
हंगाम संपला.
लॉकीचा हात संपला त्याला चौदा महिने झाले.
डावा. मनगटाच्या वर चार बोटं.
रहाटात दोर, दोरात हातमोजा, हातमोज्यात तो.
बाकी काय सांगायचं.

हात गेला आणि मूठ राहिली.
"आवळलीय गं मर्डिना," रात्री दोनला तो म्हणतो,
"दोर अजून तिच्यातच आहे. नखं तळव्यात रुतलीत."
मी दिवा लावते.
चादरीवर चादरीचीच एक घडी.
कुठली नखं कापू?

नस आहे, हात नाही.
हात नाही, त्याची कळ आहे.
मी हे कुठल्या शाळेत शिकणार होते?

आधी मॉर्फीन.
गोळी वाढत गेली तसा तो कमी होत गेला.
सूप पिता पिता हनुवटी छातीला टेकायची,
पोट आठ-आठ दिवस दगड,
आणि मूठ झोपेतही दोर धरून.
शेजारच्या फ्लोराचा धाकटा असल्याच गोळ्यांनी गेला,
कुणाच्या तरी आजारपणातून उरलेल्या.
म्हणून आमची बाटली आमिषाच्या जुन्या पेटीत,
किल्ली माझ्या गळ्यात, क्रुसाशेजारी.
नवऱ्याला औषध मोजून देता देता
मी बायको कमी, कोठीवाली जास्त झाले.

सिडनीला गेलो. ऑस्ट्रेलियातलं नव्हे,
आमचं सिडनी, काळ्या कोळशाचं.
व्हिटनी पियरची डॉक्टर गिटन्स म्हणाली,
गोळी थोडी उतरवू, जोडीला गांजाचं तेल देऊ, थेंबांनी.
"म्हणजे म्हातारपणी गांजेकस?" लॉकी म्हणाला.
धक्क्यामागे धूर काढणाऱ्या पोरांना
त्यानेच हाकललं होतं, बादलीभर पाणी फेकून.

तिने उंदरांचं सांगितलं.
पायाची नस दोऱ्याने बांधतात,
मग केसाएवढ्या तारेने तळवा टोचून बघतात.
एक औषध थोडंसं: पाय झटकन वर.
दुसरं थोडंसं: तरीही वर.
दोन्ही थोडी-थोडी: पाय जमिनीवर टिकतो.
"माणसांचं इतकं सरळ नाही," ती म्हणाली.
"काहींना लागू पडतं, काहींना नाही.
गुंगी वाढेल, श्वासावर लक्ष ठेवा. बोटीवर एकटं पाठवू नका."
बोट विकलीय, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

परतीच्या वाटेवर मी त्या उंदराचाच विचार करत होते.
त्याला कुणी सांगितलं असेल का, कशासाठी?

लॉकी खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"एका वल्ह्याने बोट गोल-गोल फिरते.
कितीही जोर लाव, गोलच.
दोन असतील तर हळू मारूनही किनारा गाठता येतो."
मग स्वतःच्या बाहीकडे बघून हसला.
त्या हसण्याला चौदा महिन्यांचा गंज होता.

तेलाला ओल्या गवताचा वास येतो.
मी चिमणीच्या उजेडात थेंब मोजते,
तो जीभ काढून बसतो, चर्चमधल्या पोरासारखा.
पहिल्या आठवड्यात नुसती चक्कर.
दुसऱ्यात त्याने मध्यरात्री पाव मागितला, लोणी लावून, चार तुकडे.
कळ? आहे. ती काही पाहुणी नव्हती निघून जायला.
पण सूप आता तो शेवटच्या चमच्यापर्यंत पितो,
आणि वाटी ठेवून विचारतो, "तू जेवलीस?"
हे त्याने कधी विचारायचं सोडलं होतं
ते मी मोजलं नव्हतं.

काल रात्री वारा समुद्रावरून सरळ भिंतीवर येत होता.
दोनला जाग आली, सवयीने.
तो जागाच होता, छताकडे बघत.
"मर्डिना, करंगळी सैल झालीय."
"कुठली?"
"तीच."

मी दिवा लावला नाही.
किल्लीकडे हात गेला, तो खाली घेतला,
आणि चादरीवरच्या त्या रिकाम्या जागेवर ठेवला.
"तिथे नाही," तो म्हणाला,
"जरा खाली. हां.
आता हळू."