माप

पोवई नाक्याच्या उतारावरच्या दुकानात
मी मुद्दाम संध्याकाळी गेले.
कणसे डॉक्टर म्हणाले होते,
दिवसभर राबलेल्या पायाला खोटं बोलता येत नाही,
तो फुगतो आणि खरं माप सांगतो.
मी पतसंस्थेत रोखपाल.
फुगलेलं काही दिसलं की आधी शंका घ्यायची
ही एकवीस वर्षांची सवय.
तरी पायाचं ऐकलं.

पिशवीतले जुने बूट काउंटरवर ठेवले.
तौफिकनं ते उलटे केले
आणि तळवे वाचत बसला,
मी एखादं जीर्ण पासबुक वाचते तसा.
"किती पळालात यांच्यावर?"
गोडोली ते वाढे फाटा आणि परत,
आठवड्यातून पाच दिवस,
दोन पावसाळे.
तो हसला नाही.
"मॅडम, हे कधीच मेलेत."

मला ठाऊक होतं तसं.
पहाटे रस्त्यावर फक्त दूधवाला आणि मी,
तेव्हा कानावर येतो तो आपल्याच पावलांचा आवाज.
आधी तो धप् असायचा, उशी टाकल्यासारखा.
हल्ली फट्, फट्,
आणि त्या प्रत्येक फट्‌चा हिशेब
गुडघा मांडायचा संध्याकाळी,
जिना उतरताना,
पायरीगणिक.

खोक्यांची चळत आली.
एक जोड इतका मऊ
की पाय आत गेला तो गेलाच.
गादीवर झोपावं माणसानं, पळू नये.
दुसरा पोपटी, पिसासारखा हलका,
किंमत सांगताना तौफिकच जरा थांबला.
यवतेश्वरचा घाट चढणारी पोरं घेतात म्हणे,
शर्यतीच्या दिवसापुरता.

मला शर्यत नको होती.
मला मंगळवार हवा होता.
मंगळवार, बुधवार, गुरुवार,
आणि सातच्या आत घरी, पाणी जायच्या आधी.

तिसरा राखाडी. दिसायला अगदी सरकारी.
अंगठ्यानं दाबला, तर दबला
आणि घाई न करता वर आला,
मुदत संपल्यावर ठेव न्यायला येणाऱ्या
जुन्या खातेदारासारखा.
हा, म्हटलं.

मग त्यानं लोखंडी पट्टी काढली.
उजवा: सहा.
डावा: त्यानं पुन्हा मोजला.
"डावा मोठाय मॅडम, अर्ध्या नंबरनं.
पुष्कळांचा असतो."

सत्तेचाळीस वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

आप्पा वडूजच्या बाजाराला निघताना
ज्वारीच्या धाटाचा तुकडा माझ्या पायाला लावून मोडायचे,
खिशात घालून न्यायचे,
त्या लांबीच्या चपला यायच्या.
पाय कुठला? उजवा.
कुणी ठरवलं नव्हतं, मी तोच पुढं करायची.
लग्नात माप ओलांडलं तेही उजव्यानं.
डावा मागून येत राहिला
दुसऱ्याच्या मापात,
काळ्या पडलेल्या नखासकट,
आणि मी त्याला हट्टी म्हणत राहिले.

"साडेसहा द्या," म्हटलं.
अंगठ्यापुढं बोटभर जागा,
टाच मात्र घट्ट.
"पळून बघा की," तौफिक म्हणाला.
पतसंस्थेची किरमिजी साडी, निऱ्या खोचल्या,
औषधाच्या दुकानापर्यंत पळाले, तिथून परत.
रस्त्यात आवर्त ठेवीचे धुमाळकाका दचकून उभे.
"काय झालं हो मॅडम? कोण पळालं?"
मीच, काका.

सहा हजार चारशे.
आठशे किलोमीटर धरले तर किलोमीटरला आठ रुपये.
रिक्षा परवडत नाही याच्यापुढं,
असं घरी सांगायचं ठरवलं.

रात्री नाड्या ओवल्या.
उजव्याची एक भोकं वर, आवळून.
त्याला आता अर्धा नंबर सैल पडणार,
घेईल सांभाळून,
एवढे दिवस दुसऱ्यानं घेतलंच की.

पहाटे उंबऱ्याबाहेर आधी डावा टाकला.
काही झालं नाही.
वाढे फाट्यापर्यंत
कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.