येणे बाकी

मनामाच्या जुन्या बाजारात, अत्तरवाल्यांच्या गल्लीमागे,
जिथे आता मोबाइलची कव्हरं
केळीच्या घडांसारखी लोंबतात,
तिथे कत्तानांचं कापडाचं दुकान होतं.
लूलूबाई मला उंबऱ्याचा दगड दाखवतात. तेवढाच उरलाय.
"लूलू म्हणजे मोती," त्या सांगतात,
"सुपरमार्केट नंतरचं."

मी बार्शीची. इथे एका शीतगृहाची बिलं तपासते.
वडील तहसिलात, अभिलेखाच्या खोलीत होते.
त्यांनी मला मोडी शिकवली,
दुसरं द्यायला काही नव्हतं म्हणून.

शुक्रवारी दुपारी, एसीच्या घरघरीत,
आम्ही वही उघडतो. तांबड्या खारव्याची, कसर लागलेली.
उजवीकडून निघतात आजोबा अबूदी कत्तान,
बसऱ्याहून आलेले : बोली अरबी, अक्षर हिब्रू.
डावीकडून त्यांचा मुनीम
मुसाजी थळकर, कुलाब्याच्या किनाऱ्यावरचा,
ज्याच्या पणजोबांचा घाणा शनिवारी बंद असे.
लेखणी न उचलता ओढलेली मोडी.
मधोमध रुपये, तेव्हा इथेही रुपयाच चाले.
तिथे दोघे भेटतात.

लंडनची मामेबहीण फोनवर अक्षरं लावते, तिला अर्थ कळत नाही.
लूलूबाईंना अक्षर येत नाही, त्या कानाने समजतात.
डावी बाजू माझी.
एका पानाला तीन बायका लागतात
आणि तीनदा चहा.

*मलमल, गाठी चार, पैकी एक भिजकी.*
*मोत्याचा हंगाम बुडाला. पाणबुड्यांची उधारी
पुढच्या सालावर न्यावी, शेठांचा हुकूम.*
*पोहे शेरभर, मलिद्याकरिता, मुंबईहून.
खजूर इथलाच. चांगला.*

लूलूबाईंना इतिहास हवा असतो :
कुठल्या गलबताने आले, काय मागे टाकून आले,
आजी दिसायला कशी होती.
वहीला त्यातलं काही ठाऊक नाही.
तिला एवढंच ठाऊक, की आजीने
निळी छीट सात वार नेली, परत केली,
आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा नेली.
"हां, मग ती आजीच," लूलूबाई म्हणतात.

शके अठराशे एकोणसत्तर, कार्तिक वद्य :
पानं कोरी.
मी उलटते, त्या थांबवतात.
कोऱ्या पानावर हात ठेवून बसतात,
मी चहाचा पेला उगाच फिरवते.
मग मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा :
*दुकान उघडले. काच, रुपये अकरा.
कडी-कोयंडा, दीड.
शेजारी जासिम यांनी आपल्या घरी ठेवलेल्या
सहा गाठी परत आल्या. मोजल्या नाहीत.*

दोऱ्याचं रीळसुद्धा मोजणारा हा माणूस.
मी ती ओळ दोनदा वाचली.
फोनवर लंडनही गप्प होतं.

शेवटच्या पानांवर नुसती नावं :
भाऊ, मेहुणे, चुलते, गिऱ्हाइकं,
जी एकेक करून विमानाने, बोटीने गेली.
प्रत्येकापुढे मोडीत एकच शब्द : *येणे*.
"म्हणजे?" लूलूबाई विचारतात.
उधारी, मी सांगते. त्यांच्याकडून घ्यायचे पैसे.
मग जिभेवर आलंच म्हणून सांगून टाकते :
आमच्याकडे माणूस परत घरी येतो ना,
त्यालाही हाच शब्द.

"काय म्हणाली? काय म्हणाली ती?"
फोन विचारत राहतो.
लूलूबाई चष्मा पुसतात. माझी पेन्सिल मागतात.
यादीच्या तळाशी, उजवीकडून, अरबीत,
थोरल्या भावाचं नाव लिहितात, सावकाश,
आणि वही फिरवून
डावी बाजू माझ्याकडे सरकवतात.