तिसऱ्या बोटाचे तीन सूर

या रीलच्या दुसऱ्या भागात, अगदी तोंडाशी,
एकच सूर तीनदा येतो.
खालून दुसरी तार, तिसरं बोट.
कागदावर तीन काळे ठिपके शेजारीशेजारी,
दवाखान्याच्या बाकावर बसलेले,
एकमेकांकडे न बघणारे.

आहेत तसे वाजवले तर दारावरची थाप होते.
टक टक टक.
कोण आहे?
विम्याचा हप्ता मागायला आलेला माणूस.

तर त्यांचं करायचं काय?
यावरून आमच्याकडे लग्नं मोडलेली नाहीत,
जमता जमता राहिलेली मात्र आहेत.

दक्षिणेकडची माणसं तिथे रोल घालतात.
सूर धरायचा, वरून करंगळीने टिचकी मारायची,
मग बोट उचलून खालच्या सुराला
क्षणभर डोकावू द्यायचं, आणि परत घरी.
गज एकदाच फिरतो.
तिघांची मिळून एक गिरकी होते,
लोण्यातून सुरी फिरावी तशी.

आमच्या डोनेगलच्या या टोकाला,
बर्फाच्या कारखान्यापासून वरच्या चर्चपर्यंत,
गज तिथे फुटतो.
मनगटाचे तीन चिमुकले झटके,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे,
कोरडे, करकरीत.
पाहुण्यांना आम्ही सांगतो, हा उत्तरेचा वारा,
हा इथल्या खडकाचा स्वभाव.
मीही सांगितलंय.
एका जर्मन बाईने ते वहीत उतरवून घेतलं,
दोनदा अधोरेखित केलं.

फेब्रुवारीत मॅनसच्या स्वयंपाकघरात बसले होते.
सगळे त्याच्याकडेच शिकले: माझी आई,
टपालवाला युजीन, त्याच्या दोन्ही मुली,
आणि त्यांच्याकडून बाकीचा परगणा.
मी सहज विचारलं,
या जागी तुम्ही कधीच रोल कसा घालत नाही?

त्याने डावा हात टेबलावर ठेवला, पावाच्या शेजारी.
इतकी वर्षं बघितलेला हात.
चार बोटं, अंगठा धरून.
"एकसष्ट साल. हेरिंगची जाळी ओढत होतो. विंच.
करंगळी समुद्रात आहे, ऊना.
टिचकी मारू कशाने?"

एवढंच.
दोन पिढ्या, तीन खेडी, शंभरेक मनगटं
एका नसलेल्या बोटाभोवती फिरत होती
आणि आम्ही त्याला वारा म्हणत होतो.

त्या रात्री माझ्या करंगळीची मला लाज वाटली.
धडधाकट, नखासकट, बिनकामाची.
मुलं झोपल्यावर गाडीत बसून वाजवून बघितलं.
मधला सूर बदलून खालचा घातला: चोरी वाटली.
शेजारची मोकळी तार सोबत घेतली:
कुंपणापलीकडची गाय हंबरल्यासारखी, वाईट नाही.
रोल घातला.
सुंदर. बहिणीचा कोट घालावा तसा सुंदर,
खांद्यात किंचित सैल.
काचेवर वाफ धरली. घरातला दिवा लागला, विझला.

पुढच्या गुरुवारी मॅनससमोर बसले
आणि आधी ठरवलं नव्हतं, पण
त्या तीन सुरांपाशी पोचताना
करंगळी आपणहून वर उठली.

तो माझ्या हाताकडे बघत नव्हता.
खिडकीकडे तोंड करून,
कपाळावर आठी घालून ऐकत होता.
टेबलावर त्याचा डावा हात पालथा पडलेला,
आणि जिथे बोट संपून साठ वर्षं झाली
तिथली कातडी
एकदा,
टिचकीएवढी,
हलली.

मी ती बघितली हे त्याला कळलं असावं.
हात मांडीवर घेतला.
किटली उचलून बघितली, रिकामी होती.
"बरंय," म्हणाला, "हाताला येतंय तुझ्या."
मग जरा थांबून,
"आता दुसरी फेरी वाजव.
आणि त्या जागी
या खेपेला काहीसुद्धा करू नकोस."